इंद्याला सोडायचं की नाही

"म्हैस ऐन दुभती असताना कुणी विकतं का?" मी टेबलावर हात आपटून विचारलं.

तालमीच्या खोलीत पस्तीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. निम्म्यांनी माना डोलावल्या. उरलेल्या निम्म्यांनी म्हादबा चौगुल्यांकडं बघितलं, कारण त्या खोलीत खरोखरच्या म्हशी असलेला तो एकटाच माणूस होता. शिवाय मी ज्याला म्हैस म्हणत होतो, तो त्याचाच मुलगा होता.

म्हादबा सभेत कधी बोलत नसे. रोज सकाळी म्हशी कट्ट्यावर आणायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचा, एवढंच त्याचं लोकांशी बोलणं. त्या दिवशी मात्र तो उठला.

"दुभतीच विकावी," तो म्हणाला. "दुसऱ्या वेताला. तवा दूध चढतीला असतंय आन् गिऱ्हाईक आपल्या पायानं गोठ्यापत्तोर येतंय. तिसऱ्या-चौथ्याची वाट बघत बसलं की मग आपणच तिला बाजारात हिंडवायची." एवढं बोलून तो खाली बसला.

"हा फुटबॉल आहे म्हादबा, दूध नव्हे," मी म्हणालो.

"म्हशीचं तुम्हीच काढलासा," मागून कुणीतरी बोललं आणि सगळी सभा हसली.

या गोष्टीला वीस वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापुरातल्या गुळपेठेच्या नरवीर तालीम मंडळाचा सेक्रेटरी होतो. तालीम फक्त नावाला राहिली होती. कुस्तीचा हौदा कधीच बुजला होता आणि त्यावर आमच्या फुटबॉल टीमचे बूट वाळत पडलेले असायचे. परगावच्या माणसाला हे सांगून पटत नाही, पण आमच्याकडं पेठ म्हणजे टीम आणि टीम म्हणजे पेठ. ज्यानं जन्मात चेंडूला पाय लावला नाही, तोही सभेला येऊन सेंटर फॉरवर्ड कुठं चुकतो ते सांगतो. मात्र खेळाडूला बाहेरच्या क्लबला सोडायचं असेल, तर ना-हरकतीच्या कागदावर सही एकट्या सेक्रेटरीची लागायची. त्या सहीचा मला फार अभिमान होता. ती करायला शिकण्यात मी एक अख्खी वही संपवली होती.

इंद्या, म्हणजे इंद्रजित चौगुले, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या डाव्या पायात काय होतं ते मला आजही सांगता यायचं नाही. समोरचे दोघं एकमेकांना धडकायचे आणि हा चेंडू घेऊन पलीकडं निघालेला असायचा. गोव्याच्या एका मोठ्या क्लबनं महिन्यापूर्वी त्याला चार दिवस बोलावून पारखलं होतं, आणि आता त्यांचा माणूस कागद घेऊन आला होता. मिस्टर कुलासो नाव. आमच्या लोकांनी पाहुणचार म्हणून त्यांना सकाळी मिसळ खायला घातली होती, त्यामुळं ते अख्ख्या सभेत डोळे पुसत होते. इंद्याला आमच्याकडून नेताना यांना फार वाईट वाटतंय, असा काही जणांचा गैरसमज झाला.

"आनंदरावबाब," ते मला म्हणाले, "शुक्रवारी आमची यादी बंद होते. उद्या बाराच्या बसला मुलगा माझ्याबरोबर, नाही तर मी दुसरा मुलगा बघणार. तालमीचं जे काय द्यायचं ते आम्ही देतो."

जे देणार होते त्यात तालमीचं गळकं छप्पर नवं झालं असतं. पण तीन आठवड्यांवर झुंजार तालमीबरोबर फायनल होती. माझ्या कारकिर्दीत आम्ही सहा फायनल गाठल्या होत्या आणि सहाही हरलो होतो. इंद्या होता म्हणून सातवीत जरा आशा होती. चषकावर सेक्रेटरीचं नाव कोरतात, ही गोष्ट मी सभेत बोललो नाही. मी तालमीचं हित, पोराचं कच्चं वय, अनुभव, पुढच्या वर्षी दुप्पट भाव असं सगळं बोललो.

"पुढच्या वर्षाचं कुणी बघितलंय सेक्रेटरी?" आमचे कोच इलाही मुल्लाणी म्हणाले. ते आयुष्यभर बेकरीत पाव भाजत आले होते आणि उरलेल्या वेळात पोरं तयार करत होते. "आज त्याला मागणी हाय. आज सोडा. माझ्या हातनं एक तरी पोरगं भाईर खेळू द्या."

सभा त्यांच्या बाजूला कलतेय असं दिसल्यावर मी माझा हुकमी पत्ता काढला.

"मला कुणी सोडलं होतं का?" मी आवाज खाली आणत विचारलं.

पेठेतल्या लहान पोरालाही ती कहाणी पाठ होती. शहात्तर साली मी एकोणीस वर्षांचा असताना मुंबईच्या एका बड्या कंपनीच्या टीमनं मला बोलावलं होतं. खेळायचं आणि नोकरीही करायची. पण तेव्हाचे सेक्रेटरी तात्या इंगवले यांनी सही दिली नाही आणि माझी मुंबई राहिली ती राहिलीच. तेव्हापासून अख्खी पेठ मला 'मुंबईकर' म्हणायची. माझ्या बायकोनं लग्नाला होकार दिला तोही मुंबईला जाता जाता राहिलेल्या खेळाडूला. पुढं लोकांनी तात्यांना खुर्चीवरून उतरवलं आणि तिथं मला बसवलं, तेही त्याच भांडवलावर.

"मला अडवलं," मी म्हणालो, "आणि मी अडलो. रडलो नाही. उलट तात्यांच्या शोकसभेत मी उभा राहून सगळ्यांसमक्ष त्यांना माफ केलं. तालमीपेक्षा कुणी मोठं नाही, हे मी शिकलो. इंद्यालाही शिकू दे."

दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. कुलासोही पुसतच होते. सभा 'सेक्रेटरींची मर्जी' या निर्णयावर उठली, आणि माझी मर्जी सगळ्यांना ठाऊक होती.

संध्याकाळी तालमीच्या दारातल्या फळ्यावर, जिथं मॅचच्या वेळा लिहितात तिथं, कुणीतरी खडूनं लिहिलं होतं: 'मुंबईकर, खुर्ची सोडा. नाही जमत तर इंद्याला सोडा.' मी ते पुसलं. जेवून परत फेरी मारली तर तेच पुन्हा लिहिलेलं, या वेळी रंगीत खडूनं.

"लिहिणाऱ्यांचं काय चुकलं?" मालन, माझी बायको, ताट उचलताना म्हणाली. "तुम्हाला अडवलं म्हणून त्या पोरालाबी अडवायचं, ह्यो कुठला न्याय? ज्याला लागलंय त्यानं दुसऱ्याला लागू देऊ नये."

"तुला फुटबॉलमधलं कळत नाही," मी म्हणालो. ज्या नवऱ्याला उत्तर सुचत नाही, त्याच्या तोंडी हे वाक्य नेहमी तयार असतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणं कट्ट्यावर दूध प्यायला गेलो. म्हादबा माझ्याकडं पाठ करून दुसरीच म्हैस पिळत बसला. पेला आणून दिला तो इंद्यानं. मी पिऊन निघालो तसा तो हात पुसत मागोमाग आला.

"काका, जरा रंकाळ्यापत्तोर चला की."

मी मनातल्या मनात भाषणाची तयारी केली. पोरगं रडणार, पाया पडणार, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत तालमीपेक्षा कुणी मोठं नसतं वगैरे सांगणार. तलावाच्या काठावर आम्ही बसलो. त्यानं एक खडा पाण्यात टाकला.

"तुम्ही सही करणार न्हाई, हे नक्की न्हवं?"

"नक्की."

"कुणी कितीबी सांगितलं तरी?"

"कुणीही सांगू दे."

"बरं झालं," तो म्हणाला आणि त्यानं मोठा सुस्कारा सोडला.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. मी त्याच्याकडं बघितलं तर पोरगं खरोखर हसत होतं.

"मला जायचंच न्हाई काका. चार दिवस होतो तिथं. माझ्यासारखी तिथं बाराजण हायती. काय ओरडत्यात ते कळत न्हाई, जेवायला बसलो तर सगळे चमचे-काट्यांनी खायला लागले. हितं मी इंद्रजित चौगुले. गॅलरीत नुसतं 'इंद्या, इंद्या' चालतंय. तिथं माझं नाव एकतीस नंबर. दोन रात्री मला झोप न्हवती." त्यानं आणखी एक खडा टाकला. "आन् मी तिथं चालणार न्हाई असं झालं तर? परत कुठल्या तोंडानं येऊ? त्यापरीस तुम्ही अडवलं म्हणून सांगा. तुमचं काय जातंय? लोक तुम्हाला तसंबी शिव्या देत्यातच."

आता खरं सांगतो. माझ्या मनात पहिला आला तो आनंद. पोरगं राहिलं, फायनल हाताशी आली, आणि वर उपकार मीच त्याच्यावर केल्यासारखं झालं. असा सौदा कुठल्या सेक्रेटरीच्या नशिबी येतो? 'बरं' म्हणायला मी तोंडही उघडलं.

पण तो 'बरं' तोंडातून बाहेर पडेना. कारण तो शब्द मी आधी ऐकला होता. एका सकाळी तात्यांच्या ओसरीवर, ट्रंक हातात धरून उभा असताना.

"इंद्या," मी म्हणालो, "तात्यांनी माझी सही अडवली नव्हती."

"म्हंजे?"

"ज्या दिवशी पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी सही केली. पेठेला कळलं तर लोक जाऊ देणार नाहीत, म्हणून गुपचूप स्वतः मला स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं. डब्यात भाकरी बांधून दिली."

"मग?"

"मग मी मिरजेला उतरलो."

इंद्या माझ्याकडं बघतच राहिला. मिरज म्हणजे कोल्हापूरपासून तास-दीड तास. आमच्याकडची माणसं तिथं डोळे तपासायला जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परत येतात.

"मिरजेला कशाला?"

"पाणी प्यायला."

"मग परत चढायचं की!"

"पाणी प्यायला मी ट्रंक घेऊन उतरलो होतो," मी म्हणालो. "गाडी बराच वेळ थांबली. मी नळापाशी उभा राहिलो. गाडी सुटली तेव्हाही मी नळापाशीच होतो. तुला चमच्यांनी घाबरवलं, मला तेवढंही लागलं नाही. सकाळी तात्यांच्या दारात गेलो आणि म्हणालो, तात्या, तुम्ही अडवलं म्हणून सांगा. ते 'बरं' म्हणाले. एवढंच म्हणाले. आणि मरेपर्यंत बावीस वर्षं त्यांनी ते निभावलं. लोकांनी त्यांच्या दाराला डांबर फासलं, खुर्ची काढून घेतली. मी त्या खुर्चीत बसलो. आणि ते गेल्यावर मी त्यांना माफ केलं."

हे पहिल्यांदाच बोलत होतो, त्यामुळं शेवटचं वाक्य कानावर पडल्यावर माझी मलाच शिसारी आली.

"तुम्ही चांगलं खेळायचा?" इंद्यानं विचारलं.

"माहीत नाही. तेच तर कधी कळलं नाही."

मी उठलो. "चल. मी सही करतो. तू जा."

"तुम्ही सही केलीसा तरी मी आंबोलीत उतरणार," इंद्या म्हणाला. गोव्याची बस आंबोलीला चहाला थांबते. "मला माझं म्हाईत हाय काका. खोटं कशाला बोलू?"

"मग काय करू म्हणतोस?"

त्यानं मान खाली घातली, पण जे बोलला ते सरळ बोलला. "हे तुम्ही मला एकट्याला सांगितलासा. तालमीच्या दारात सगळ्यांपुढं सांगा. एवढ्या वर्षांनी तुम्ही तेवढं करू शकला, तर मीबी बसमधनं उतरणार न्हाई."

आयुष्यात मी शेकडो भाषणं केली. माझ्याकडून भाषण मागून घेणारा हा पहिलाच.

कुलासो लॉजमधून बॅग घेऊन अकरा वाजता तालमीत आले. तोवर बातमी फुटली होती आणि अख्खी पेठ दारात जमली होती. मी सगळ्यांसमोर सही केली, ती नेहमीची वळणदार नव्हे, वेडीवाकडीच झाली. मग फळ्याखालच्या पायरीवर चढलो. आणि मी सगळं सांगितलं. स्टेशन, भाकरी, मिरज, नळ, ट्रंक, तात्यांचा 'बरं'. काही लपवलं नाही.

मी संपवलं. आता शिव्या येतील, खडू येतील, कदाचित चपलाही येतील, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"ह्याला म्हणत्यात मन!" इलाहीभाईंचा आवाज आला, तो रडवेला होता. "पोराला धीर यावा म्हणून ह्या माणसानं सगळा चिखल स्वतःच्या अंगावर ओढून घेतला. ज्यानं आपलं वाटोळं केलं, त्या तात्याचंबी नाव धुऊन दिलं!"

"अहो, खरं सांगतोय मी!" मी ओरडलो.

त्यावर टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. कुणीतरी 'मुंबईकरांचा विजय असो' अशी आरोळी दिली. मी हात जोडून 'नको, नको' म्हणत होतो, तो लोकांना विनय वाटला. त्यानंतरच्या वीस वर्षांत मी ही गोष्ट किमान पन्नास वेळा सांगितली असेल. प्रत्येक वेळी माझी कीर्ती थोडी वाढते. खोटं मी एकदाच बोललो होतो आणि ते लगेच पटलं होतं.

विश्वास ठेवणारा त्या गर्दीत एकच होता. इंद्या खांद्यावर बॅग घेऊन माझ्यापाशी आला आणि पाया पडला.

"जातो काका."

"अरे, येतो म्हणावं," मी म्हणालो.

"न्हाई," तो म्हणाला. "आज जातोच म्हणतो."

तो आंबोलीत उतरला नाही. त्या क्लबकडं तो सहा हंगाम खेळला. त्यांतले दोन बाकावर बसून काढले, उरलेले बरे गेले. फार मोठा खेळाडू झाला असं नाही, पण आपण किती मोठे आहोत हे त्याला कळलं. आता तिकडंच पोरांना शिकवतो. आम्ही ती फायनल तीन-शून्यनं हरलो. सात पूर्ण झाल्या.

पण त्या दिवशीचं अजून राहिलंय. हलगी सुरू झाली, पोरांनी इंद्याला खांद्यावर घेतलं आणि सगळी पेठ त्याला पोचवायला बसस्टँडकडं निघाली. मलाही दोघांनी दंडाला धरून ओढलं. तेवढ्यात समोरच्या घराच्या दारात मला इंगवले काकू दिसल्या, तात्यांच्या पत्नी. पंचाहत्तरी उलटलेली. त्या दारातच उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी टाळी वाजवली नव्हती. मी हात सोडवून घेतले आणि रस्ता ओलांडला.

"आनंदा," त्या म्हणाल्या. मला असं एकेरी हाक मारणारी आता पेठेत तेवढी एकच बाई उरली होती. "हे खरं हाय?"

"हो काकू."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी चौकटीला हात टेकला. मला वाटलं, आता थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं वाटलं असतं.

"डांबर मीच खरवडून काढलं हुतं," त्या म्हणाल्या. "आन् खरवडताना त्यास्नीच बोलत हुते. लोकाच्या पोराचं वाटोळं केलंसा म्हणून. त्या दिवशीबी बोलले, आन् पुढं बावीस वर्षं बोलतच राहिले. जेवताना बोलले, आजारी पडले तवाबी बोलले. ते नुसतं ऐकून घ्यायचे."

त्यांनी दारावरून हात फिरवला.

"मला का सांगितलं न्हाई रं त्यांनी?" काकूंनी विचारलं. "लोकास्नी नसतं सांगितलं. मला घरात तरी सांगायचं. मला का न्हाई सांगितलं?"

हलगीचा आवाज गल्लीच्या टोकाला वळला आणि ऐकू येईनासा झाला. काकू माझ्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या.